भरतीनंतरचं मैदान

पहाटे पाचच्या सुमाराला धाराशिव शहरात, तुळजापूरच्या घाटाखाली किंवा उमरगा, कळंब, परंड्याबाहेरच्या डांबरी रस्त्यांवर मुलं पळताना दिसतात. अजून नीट उजाडलेलं नसतं. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अनवाणीच असतो. एकजण मोबाइलवर वेळ लावून उभा असतो आणि शेवटच्या वळणावर येणाऱ्यांना ओरडून सांगतो, "ओढ, ओढ, सोडू नको!" यातला कुणी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असतो, कुणी बी.एस्सी.च्या शेवटच्या. काय करतोस म्हणून विचारलं तर उत्तर एकच येतं : "भरती करतोय."

महाविद्यालयीन तरुणांच्या आरोग्याबद्दल बोलायचं, तर मराठवाड्याच्या या कोपऱ्यात सुरुवात इथूनच करावी लागते. मोठ्या शहरांत तब्येतीची गोष्ट जिमच्या आरशापासून सुरू होत असेल. इथे ती सोळाशे मीटरपासून सुरू होते. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना सोळाशेऐवजी ८०० मीटर. गोळा मुलांसाठी ७.२६० किलोचा आणि मुलींसाठी ४ किलोचा. मैदानावर निम्मे गुण पडले, तरच लेखी परीक्षेचा विचार. म्हणून चहाच्या टपरीवर दोन मित्र भेटले की पहिला प्रश्न असतो, "ग्राउंडला किती पडतात?"

हे कौतुकाचंच आहे. कुणीही न सांगता हजारो मुलं-मुली पहाटे उठतात, तंबाखू सोडतात, रात्री वेळेवर झोपायला शिकतात. सरकारी मोहिमेनं जे साधलं नसतं, ते एका नोकरीच्या आशेनं साधलं. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती आकड्यांतच दिसते. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यभरात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर अर्ज. जागा ज्याला मिळते, त्याच्या शरीराची काळजी पुढे खातं घेतं. उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय?

ते पळायचं थांबवतात. वय निघून जातं, लग्न होतं, दुकान किंवा शेती गळ्यात पडते आणि बावीस-तेविसाव्या वर्षी सोळाशे मीटर सहज मारणारा मुलगा तिशीत पोट सुटलेला, पस्तिशीत साखरेच्या गोळ्या घेणारा गृहस्थ होतो. भरती झाली नाही, म्हणजे पळणं फुकट गेलं, असं त्याला वाटतं. घरच्यांनाही तसंच वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते फुकट गेलेलं नसतं. भरतीचं मैदान एका दिवसाचं असतं, शरीर मात्र साठ-सत्तर वर्षं वापरायचं असतं. जिल्ह्यातल्या मुलांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली ही शिस्त भरतीनंतरही टिकावी, यासाठी आपण काय करतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

राबणं आणि व्यायाम

धाराशिव जिल्ह्यातले आठही तालुके कमी-अधिक प्रमाणात दुष्काळाशी झगडत आलेले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. २०१८ मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत हा एक होता. अशा ठिकाणी व्यायामाचा विषय काढला की जाणती माणसं विचारतात, "शेतात राबणाऱ्याच्या पोराला कसला आलाय व्यायाम?"

या प्रश्नात तथ्य होतं, पण ते मागच्या पिढीपुरतं. आजचा महाविद्यालयीन मुलगा सकाळी एस.टी.नं किंवा दुचाकीवर तालुक्याला येतो, तासांना बसतो, मग अभ्यासिकेत जाऊन बसतो. महिना काही रुपये भरून खुर्ची, टेबल आणि पंखा मिळणाऱ्या या अभ्यासिका आता प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी तिथे दिवसाचे दहा-बारा तास काढतो. मधे उठतो तो चहा-वडापावसाठी. शेतातलं काम ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरनं बरंच उचललं आहे. सोयाबीनचा हंगाम आला की मुलगा दोन-चार दिवस घरी जातो, तेवढंच. त्याच्या वडिलांच्या अंगात जी ताकद राबून आली, ती त्याच्या अंगात आपोआप येणार नाही.

आणि राबण्यानं सगळं काही मिळतं, असंही नाही. राबताना तेच तेच स्नायू वापरले जातात, विश्रांती मिळत नाही आणि खाणं कामाच्या मानानं अपुरं पडतं. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत कंबरदुखी चाळिशीच्या आधीच घर करते. व्यायामात शरीराला मोजून ताण दिला जातो आणि मग सावरायला वेळ दिला जातो. राबण्यात ही दुसरी गोष्ट नसते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेली शिफारस साधी आहे. प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करावेत, म्हणजे झपाझप चालणं किंवा सायकल. नाहीतर ७५ ते १५० मिनिटं दमवणारा व्यायाम, म्हणजे धावणं किंवा खेळ. शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. याला जिमची पावती लागत नाही. जोर, बैठका, सूर्यनमस्कार आणि धाराशिवच्या हातलाई डोंगरावर एक चढाई, एवढ्यात हे सगळं बसतं. कोजागरीच्या सुमाराला सोलापूर-तुळजापूरचा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो. त्यात कॉलेजची मुलं-मुली मोठ्या संख्येनं असतात. भवानीसाठी एका रात्रीत एवढं चालणाऱ्या पायांना रोजचा अर्धा तास जड नाही. अडतं ते रोजच्या वेळापत्रकात त्याला जागा नसण्यापाशी.

सोळाशे मीटरचे धोके

भरतीची तयारी बहुतेक मुलं एकमेकांचं पाहून करतात. जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवसापासून डांबरावर पूर्ण वेगानं पळायला लागतात. दोन-तीन आठवड्यांत नडगी दुखायला लागते. नडगीच्या हाडालगतच्या स्नायूंवर आणि आवरणावर अचानक पडलेल्या भारामुळे हे होतं. तेव्हा विश्रांती घेतली तर ते बरं होतं. वेदनेची गोळी खाऊन पळत राहिलं, तर हाडाला बारीक तडा जाण्यापर्यंत वेळ येते आणि तोंडावर आलेली भरती हातची जाते.

उपाय माहीत असलेले आहेत, ते सांगणारं माणूस मात्र जवळ नसतं. अंतर एकदम न वाढवता दर आठवड्याला थोडं-थोडं वाढवावं. डांबरापेक्षा मातीवर पळावं. आठवड्यातले सगळे दिवस जोरात पळू नये. एक दिवस वेगाचा, एक दिवस लांब पण संथ, एक दिवस ताकदीचा आणि एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. संथ पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. ज्याला बोलता येत नाही, तो गरजेपेक्षा जोरात पळतो आहे.

उन्हाचा धोका सर्वांत मोठा. धाराशिवचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. राज्यात अलीकडच्या वर्षांत भरतीच्या धावण्याच्या चाचणीत उमेदवार कोसळून दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. रात्रभर प्रवास, अपुरी झोप, रिकामं पोट आणि मग जीव तोडून धावणं, हे एकत्र आलं की तरुण शरीरही दगा देतं. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम येणं अचानक थांबलं तर थांबायचं, सावलीत जायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं, हे प्रत्येक मुलाला पाठ असलं पाहिजे. दम वाढवण्यासाठी म्हणून कुणी देऊ केलेली गोळी किंवा इंजेक्शन कधीही घेऊ नये. त्यानं हृदयावर काय परिणाम होईल, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं आणि त्याला त्याची पर्वाही नसते.

ताटातला सोयाबीन

पळणाऱ्या मुलांच्या खोलीत आता पावडरचा डबा दिसतो. दोन-तीन हजारांचा डबा घरून आलेल्या पैशांत बसवायचा, तर मेसच्या पैशांत काटछाट करावी लागते. डबा येतो आणि जेवण कमी होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, असं स्पष्ट म्हटलं आहे.

हिशेब करून पाहू. निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस आहे. ५५ किलोच्या मुलाला म्हणजे साधारण ४६ ग्रॅम. रोज दमून खेळणाऱ्याला याहून थोडी जास्त. आता गावाकडचं ताट घेऊ. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणून दिवसभरात २०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या झाल्या की २० ग्रॅम मिळतात. ४० ग्रॅम मटकीची उसळ ९ ग्रॅम देते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सात-साडेसात ग्रॅम येतात. पेलाभर दुधातून ८. दोन अंडी खाल्ली तर आणखी १२. पंचावन्नाच्या वर गेलो आणि डब्याला हात लावलेला नाही.

अडचण अशी, की हे ताटच बदलत चाललं आहे. ज्या शेतात रब्बीची ज्वारी आणि करडई डोलायची, तिथे खरिपाचा सोयाबीन मुख्य पीक झाला. सोयाबीन बाजारात जातो, घरात येत नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, भाव चढतो आणि गरीब घरातली भाकरी चपातीला नाहीतर भाताला जागा देते. शहरात खोली करून राहणाऱ्या मुलाला भाकरी थापता येत नाही, मेसवाल्याला ती परवडत नाही. मग सकाळी पोहे, दुपारी भात, संध्याकाळी वडापाव आणि दिवसभर चहा. पोट भरतं, पण स्नायूंना आणि रक्ताला लागणारं काही मिळत नाही.

उत्तर मात्र आपल्याच भागात आहे. धाराशिव-लातूरकडची येळवस आठवा. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात पांडवांची पूजा मांडून जे जेवण होतं, त्यात तूर, पावटा, हरभरा, वाटाणा अशा ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी असते, बाजरीचे उंडे असतात आणि ताकात आंबवलेली आंबील असते. भरडधान्य, कडधान्य, हिरवा पाला आणि आंबवलेलं दूध, असं संपूर्ण ताट आपण वर्षातून एकदा उत्सव म्हणून वाढतो. त्यातला निम्मा भाग रोज ताटात आला, तरी पुरेसा आहे. भिजवलेली मटकी, भाजलेले फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ यांना चूल लागत नाही. फुटाणे, दाणे आणि गूळ खोलीतल्या डब्यात महिनाभर राहतात आणि अभ्यासिकेतून वडापावसाठी उठण्याआधी हाताशी असतात.

मुलींचं रक्त

पळणाऱ्यांच्या घोळक्यात मुलगे जास्त दिसतात. मुली असतात, पण त्या बहुधा एखाद्या अ‍ॅकॅडमीत असतात, गटानं येतात आणि उजाडायच्या आत परततात. बाकीच्या मुलींसाठी आरोग्याचा प्रश्न पळण्याच्याही आधी सुरू होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण त्याहून जास्त, ५७ टक्के. वर्गात साठ मुली असतील, तर निम्म्याहून अधिक मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे. जिना चढताना धाप लागणं, तासाला डोळे मिटणं, केस गळणं, पाळीच्या दिवसांत उभं राहवत नसणं, हे सगळं 'नाजूक प्रकृती' म्हणून सोडून दिलं जातं. बऱ्याचदा तो फक्त लोहाचा अभाव असतो.

स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. घरात मात्र ताट उलटं वाढलं जातं. मुलगी सकाळी सहाला उठते, घरातलं आवरते, साडेसातची एस.टी. पकडते आणि न खाता निघते. डबा दुपारी उघडतो. शाळेत मिळणारी लोहाची गोळी महाविद्यालयात आल्यावर बंद पडते, कारण ती देणारी बाईच तिथे नसते. वर्षाच्या सुरुवातीला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीनं प्रत्येक मुलीचं हिमोग्लोबिन तपासलं आणि कमी निघालेल्यांना गोळ्या देऊन तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर कॉलेजचं वातावरण बदलेल. सोबत साधी पथ्यं हवीत. जेवणावर लिंबू पिळावं, कारण त्यानं धान्या-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहा तेच लोह अडवतो.

सारिका काळे यांचं मैदान

एवढ्या अडचणींतून काय उभं राहू शकतं, याचं उत्तर याच शहरात आहे. सारिका काळे धाराशिवच्या. तेराव्या वर्षी मामांबरोबर त्या खो-खोच्या मैदानावर आल्या. वडिलांना शरीराच्या मर्यादांमुळे फारसं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम आणि घरकाम करायची, आजी-आजोबांच्या कमाईवर घर चालायचं. दहाएक वर्षं घरात एकच वेळचं जेवण असायचं, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. बरं खायला मिळायचं ते शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर. २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. घरच्या ओढाताणीनं खेळ सोडण्याचा विचारही त्यांनी केला होता. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजावलं आणि त्या परत आल्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षांनी आला होता. पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या.

ही वाट एकट्या सारिकांपुरती राहिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

एका दुष्काळी जिल्ह्यातून अशा खेळाडू का निघतात? खो-खोला लागतं ते सपाट मातीचं मैदान, दोन खांब आणि बारा मुली. महागडं साहित्य लागत नाही. आणि हा खेळ शरीर सर्व बाजूंनी घडवतो. पाटीवर बसणं, खो मिळताच स्फोटासारखं उठणं, दिशा बदलणं, खांबाजवळ सूर मारणं, हुलकावणी देणं. काही सेकंद पूर्ण वेग आणि मग क्षणभर उसंत, अशा तऱ्हेनं पाळी चालते. हृदय, फुप्फुसं, मांड्या, कंबर आणि मेंदू यांची एकाच वेळी कसरत होते. सोळाशे मीटर माणूस एकटा पळतो. खो-खोत पाटीवरची शेजारीण तुमची वाट पाहत असते, म्हणून दुसऱ्या दिवशीही मैदानावर जावंसं वाटतं.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिसरी आहे. त्या मैदानावर रोज ठरलेल्या वेळी हजर असणारा जाणता माणूस होता. तो होता म्हणून आईबापांनी मुलींना पाठवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली, शिवराज राक्षे यानं ती जिंकली. गर्दी अफाट लोटली. अशा स्पर्धा गावाला अभिमान देतात, पण मुलांचं शरीर स्पर्धेनं घडत नाही. ते घडतं एखाद्या शिक्षकानं वर्षाचे तीनशे दिवस मैदानावर उभं राहण्यानं.

झोप आणि मन

अठरा ते पंचवीस वयात सात ते नऊ तासांची झोप लागते. पहाटे पाचला पळायला उठणारा मुलगा रात्री एकपर्यंत मोबाइल पाहत असेल, तर तो व्यायाम त्याला घडवण्याऐवजी झिजवतो. स्नायू झोपेत भरून येतात, दिवसभर वाचलेलंही झोपेतच पक्कं होतं. खोलीतल्या चौघांनी मिळून अकरानंतर फोन दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचं ठरवलं, तर एकट्यापेक्षा ते सोपं जातं.

आणि मनाचं बोललंच पाहिजे. शेतकरी आत्महत्यांचं दुःख या जिल्ह्यानं फार जवळून पाहिलं आहे. त्या घरांतली मुलं आज महाविद्यालयांत आहेत. भरती हुकली, निकाल बिघडला, घरून पैसे आले नाहीत, हे ओझं ती बोलून दाखवत नाहीत. रोजचा खेळ आणि चार जणांची सोबत मन हलकं करते, यात शंका नाही. पण ज्याची झोप उडाली आहे, जगणं नकोसं वाटतं आहे, त्याला "पळ, बरं वाटेल" एवढं सांगून भागत नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर, वेळापत्रकाशेजारी लागला पाहिजे.

महाविद्यालयानं करायचं काय

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासक्रमात खेळ, योग, एन.सी.सी., एन.एस.एस. यांना श्रेयांक दिले आहेत. कागदावर हे मोठं पाऊल आहे. ते मैदानावर उतरायचं तर पैशांपेक्षा इच्छाशक्ती जास्त लागेल. महाविद्यालयाचं मैदान सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात गावासाठी, भरती करणाऱ्यांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी उघडं ठेवावं. डांबरावर पळणाऱ्यांना मातीची धावपट्टी आखून द्यावी. शारीरिक शिक्षण संचालकानं क्रीडास्पर्धेपुरता पंधरा जणांचा संघ निवडून न थांबता पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाची वर्षातून दोनदा धाव, ताकद आणि हिमोग्लोबिन नोंदवावं. मुलींसाठी संध्याकाळची वेळ एस.टी.च्या वेळेशी जुळवून ठेवावी आणि तेव्हा एक शिक्षिका मैदानावर असावी. कँटीनमध्ये वडापावच्या शेजारी उसळ, उकडलेली अंडी आणि ताक मिळावं.

आणि भरती झालेल्या व न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या माजी विद्यार्थ्यांना मैदानावर बोलवावं. जो झाला, तो नव्यांना तयारी शिकवेल. जो झाला नाही, त्याला कळेल की मैदानाचं आणि त्याचं नातं निकालानं तुटलेलं नाही. शंभरातल्या एकाला वर्दी मिळेल, ते सरकारच्या हाती आहे. उरलेल्या नव्व्याण्णवांना चाळिशीत निरोगी हृदय, मजबूत गुडघे आणि स्वच्छ रक्त मिळावं, हे मात्र आपल्या प्राचार्यांच्या, शिक्षकांच्या आणि आईबापांच्या हाती आहे. ते त्यांनी यंदापासूनच हाती घ्यावं.